बारकीची बोट आणि कोठीतला स्वयंपाकी

शिलाई मशीन उघडायला अक्कल लागत नाही. स्क्रूड्रायव्हर हातात असला की कुणीही उघडतो. माणूस कळतो तो मशीन बंद करताना. मी तेवीस वर्षं मशिनी बंद करतोय, आणि माझ्याकडून गेलेली मशीन तक्रार घेऊन परत आली असं सांगणारा अजून जन्माला यायचाय. टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं. पहिला निघालेला स्क्रू डावीकडे वरच्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या शेजारी, वहीत लिहितात तसं ओळीनं. लावताना शेवटून सुरुवात करायची. काम संपलं की फडकं कोरं दिसलं पाहिजे. एक जरी स्क्रू उरला, तरी कुठेतरी एक भोक रिकामं आहे, आणि ते आज ना उद्या बोलणार.

हे मला कुणी शिकवलं नाही. नववीत मी शाळेला रामराम केला तेव्हा गुरुजी म्हणाले होते, याचं डोकं चालत नाही, हात चालतात. बरोबरच होतं त्यांचं. फक्त हात इतके चालतील हे त्यांना माहीत नव्हतं.

दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर काचेत लावलेलं एक प्रशस्तीपत्र दिसतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यानं दिलेलं. सहा वर्षांपूर्वी शाळा उघडायला चार दिवस राहिले असताना त्यांच्या बाराच्या बारा मशिनी अडल्या होत्या. कुणा शहाण्यानं चुकीचं तेल घातलं होतं, आत सगळं गोंदासारखं चिकटलेलं. मी गेलो आणि दोन तासांत बाराही चालू करून दिल्या. एकट्यानं. म्हणजे टॉर्च धरायला बहीण होती सोबत, पण ते काही काम नाही.

आता मुद्द्यावर येतो. मला लिहायचंय ते या बहिणीबद्दल. माझ्याबद्दलही लिहिण्यासारखं बरंच आहे, पण ते नंतर कधीतरी.

आम्ही तिला बारकी म्हणतो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, वयानं आता एकतीस, पण अंगानं अजून बारावीतलीच. आमच्या घराण्यात बारावी पास झालेली पहिली व्यक्ती. गुणपत्रिका मी अजून दुकानाच्या कपाटात ठेवलीय, गिऱ्हाईक जरा शिकलेलं दिसलं की काढून दाखवतो. बारकी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे काचेचं कपाट, आरसे, गोड बोलणारा मालक. मागे पडद्याआड एक खोली आहे, खोली कसली, कपाटच म्हणा. तिथे ही बसते. काच घासायच्या चाकावर पाण्याची धार चालू असते, त्यावर भिंग फिरवत फिरवत ती फ्रेमच्या मापाचं करते, मग बसवते, मग स्क्रू पिळते. तिचे स्क्रू म्हणजे मुंगीच्या दाताएवढे. मी एकदा एक चिमटीत धरला आणि शिंकलो. अर्धा तास दोघं जमिनीवर रांगत होतो. सापडला तिलाच. अकरा वर्षांत तिच्या हातून एक स्क्रू हरवला नाही. शेवटी बहीण कुणाची!

स्वतःचा चष्मा मात्र डोक्यावर ठेवून घरभर शोधत असते.

स्वभावानं मुकी. जेवताना अचानक घास हातात धरून थांबायची आणि मला विचारायची, "दादा, पूर्ण अंधारात माणूस किती वेळ बसला तर डोळे सरावतात?" किंवा, "दोरानं बांधलेली बोट दोर कापल्यावर आधी कुठल्या बाजूला वळेल?" मी काय, मला सगळंच माहीत असतं, मी उत्तर द्यायचो. ती "हं" म्हणायची आणि जेवण झालं की मोबाइल घेऊन खिडकीत बसायची. अंगठे मशीनच्या सुईसारखे खाली-वर, खाली-वर.

आईचं मत ठरलेलं होतं. "कुणीतरी आहे."

"कोण आहे?" माझी बायको विचारायची.

"ते तिला ठाऊक आणि त्या मोबाइलला. इतकं कुणाशी लिहितं का माणूस? आणि असलाच, तर घरी आण म्हणावं. आम्ही काय खाणार आहोत त्याला?"

बायको म्हणायची, "आई, इतकं लांबलचक लिहिणारा एकही पुरुष मी आजवर बघितला नाही. तुमचा मुलगा मला 'आलो' एवढंच लिहितो, तेही आल्यावर."

एक दिवस दुपारी बारकी दुकानात आली होती. तिच्या मालकाचं काही काम होतं म्हणून अर्धी सुट्टी. मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून ती मागे हात धुवायला गेली. तेवढ्यात तो वाजला. मी दुसऱ्याचं वाचत नाही, पण मोबाइल माझ्या फडक्यावर होता आणि माझ्या फडक्यावरची वस्तू मी बघणारच. त्यावर लिहिलं होतं: "ताई, तो अजून कोठीतच आहे का? जिवंत आहे ना? निदान एवढं तरी सांगा."

माझ्या हातातलं मशीनचं शटल खाली पडलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

बारकी हात पुसत आली. मी दुकानाचं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हटलं, "कुणाला कोंडलंयस?"

"काय?"

"खोटं बोलू नकोस. मी मोठा भाऊ आहे. काहीतरी मार्ग काढू. तो माणूस कोण आहे? किती दिवस झाले?"

तिनं मोबाइल बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आणि मग ही मुकी मुलगी इतकी हसली की कापसाच्या पोत्यावर जाऊन बसली. "सहा वर्षं झाली, दादा. स्वयंपाकी आहे तो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी टीव्हीवर एका प्रवासी बोटीची मालिका लागायची. आईही बघायची. कप्तान, डॉक्टरीणबाई, इंजिनवाला, स्वयंपाकी, झालंच तर चाळीसएक प्रवासी. सव्विसाव्या भागात बोट धुक्यात शिरली आणि मालिकाच बंद झाली. त्या जागी घर कसं सजवावं असला काहीतरी कार्यक्रम सुरू झाला. आई दोन दिवस चिडचिड करून विसरली. बारकी विसरली नाही. तिनं पुढची गोष्ट स्वतः लिहायला घेतली. इंटरनेटवर अशी एक जागा आहे म्हणे, जिथे लोक आवडत्या मालिकांच्या पुढच्या गोष्टी लिहून टाकतात. त्याला फॅनफिक म्हणतात. तिनं एकेक करून चौऱ्याहत्तर प्रकरणं लिहिली होती. आणि तीनशे बारा माणसं ती वाचत होती.

"तीनशे बारा!" मी म्हटलं. "आणि मला आज कळतंय? मी पूर्ण बाजारात सांगितलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"पण ती माणसं मालिकावाल्यांची ना? तू न विचारता वापरलीस?"

"त्यांनी धुक्यात टाकून दिली होती, दादा. मी फक्त त्यांना जेवायला घातलं." जरा थांबून ती म्हणाली, "आणि एकाला तेही नाही घातलं."

तो एक म्हणजे स्वयंपाकी. एकोणिसाव्या प्रकरणात तो बटाटे आणायला कंदील घेऊन बोटीच्या तळातल्या कोठीत उतरतो. आणि नंतर त्याचं नावच नाही. विसाव्या प्रकरणात वर वादळ येतं, मग चाचे येतात, मग डॉक्टरीणबाईंचं लग्न मोडतं, बोट कुठल्या कुठे जाते. पंचावन्न प्रकरणं झाली, स्वयंपाकी खालीच. चौदा महिन्यांपूर्वी कुणीतरी अशा विसरलेल्या माणसांची आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादीच लिहून टाकली. वर चेष्टा केली की या बोटीवर चढू नका, लेखिका तुम्हाला विसरेल. बाकीचे हसले. त्या दिवसापासून बारकीनं एक ओळ लिहिली नव्हती.

"हसले तर हसले. त्यात काय?" मी म्हटलं.

"मी चष्म्याचा स्क्रू विसरत नाही, दादा. आणि माणूस विसरले. मला तर आठवतही नाही का विसरले ते. मी या महिन्यात सगळं काढून टाकणार आहे. बोटच राहिली नाही की कोण कोठीत आहे हा प्रश्नच राहणार नाही."

फक्त एक वाचक मागे हटत नव्हता. तिथे कुणी स्वतःचं नाव लिहीत नाही, या वाचकानं नाव घेतलं होतं 'कोपऱ्यातली खुर्ची'. दर महिन्याला एकदा, न चुकता, तोच प्रश्न: तो अजून कोठीतच आहे का?

मी म्हटलं, "काढून टाकायच्या आधी मला वाचू दे."

"तू? तू वर्तमानपत्रात भविष्य सोडून काही वाचतोस का?"

"त्यात माझं चांगलंच लिहिलेलं असतं, म्हणून वाचतो. दे."

तिनं माझ्या मोबाइलवर तिचं खातं उघडून दिलं. "वाच. पण कशाला हात लावू नकोस."

मी वाचायला बसलो. माझं वाचन सावकाश चालतं, ओळीखाली बोट धरतो. मोबाइलवर बोट धरलं की पान पळतं, म्हणून दोरा गुंडाळायच्या बॉबिनची काडी धरायचो. पहिलं प्रकरण वाचायला एक पूर्ण सकाळ गेली. दहाव्यापर्यंत मी गिऱ्हाइकांना "जरा थांबा, बोट बुडतेय" असं सांगायला लागलो होतो. माझ्या बहिणीनं काय लिहिलंय! वाऱ्याचा वास येतो. कप्तान खोटं बोलायच्या आधी टोपी सरळ करतो, हे मालिकेत कधी नव्हतं, हिनं केलं. मी विचार करत राहायचो, पडद्यामागच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत, पाण्याच्या धारेजवळ बसून हिला समुद्र कुठे दिसला?

पण मी कारागीर आहे. नुसतं वाचून कसं चालेल? गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीला लावली. डावीकडे लिहिलं 'उरलेले स्क्रू', उजवीकडे 'रिकामी भोकं'. जो माणूस बोटीवर दिसला आणि नंतर कुठे बसवलाच नाही, तो डावीकडे. जी गोष्ट घडली पण कुणी केली ते कळत नाही, ती उजवीकडे. माझं साधं गणित होतं, जितके स्क्रू तितकी भोकं. जोड्या लावायच्या, मशीन बंद.

डावीकडे स्वयंपाकी. एक छत्रीवाली बाई, सहाव्या प्रकरणात चढते, "मी तिसऱ्या बंदरावर उतरेन" म्हणते आणि गायब. एक कुत्रा. कप्तानाचा जुळा भाऊ, ज्याचं नुसतं पत्र येतं. उजवीकडे: तेहतिसाव्या प्रकरणात घंटा कुणी वाजवली? कप्तानाच्या ताटाखाली चिठ्ठी कुणी ठेवली? आणि एक भोक असं, जे त्या यादीवाल्यांनाही दिसलं नव्हतं. विसाव्या प्रकरणात बोटीवरचे सगळे दिवे जातात आणि इंजिन बंद पडतं. तिसाव्यात इंजिनवाला वर येऊन म्हणतो, "झालं दुरुस्त." सगळे टाळ्या वाजवतात. अरे, पण केलं कसं? दिवे तर पस्तिसाव्यापर्यंत येत नाहीत! अंधारात इंजिन दुरुस्त होत नाही. हे ज्यानं आयुष्यात हात काळे केलेत त्यालाच कळतं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'उजेड कुठून?'

चिठ्ठीची जोडी मला लगेच सुटली. ताट कोण आणतो? स्वयंपाकी! म्हणजे चिठ्ठी त्याची. म्हणजे तो कोठीतून गुपचूप वर-खाली करत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याच क्षणी त्या खुर्चीला उत्तर लिहून टाकलं. माझं लिहिणं कमी, पण जे लिहितो ते ठाम असतं. "नमस्कार. काळजी नसावी. स्वयंपाकी जिवंत आहे. येत्या रविवारी दुपारी चार वाजता वर येईल. आमच्याकडे काम वेळेवर मिळतं."

हे तिच्या खात्यातून गेलंय, हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

त्या संध्याकाळी बारकी कामावरून थेट दुकानात आली. चष्मा डोक्यावर, डोळे लाल.

"काय लिहिलंस तू, दादा?"

"तुझं काम सोपं केलं. चिठ्ठी स्वयंपाक्याची. ताट तोच आणतो."

"त्याला लिहिता येत नाही! आठव्या प्रकरणात तो अंगठा देतो. वाचलंस ना?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. अंगठा वाचला होता. लिहून घ्यायचा राहिला होता. मी म्हटलं, "मग दुसरं काहीतरी घाल. त्यानं कोठीत चाच्यांना धरलं. बटाटे फेकून मारले. मी असतो तर तेच केलं असतं."

"एकशे चाळीस लोकांनी उत्तरं दिलीत, माहितीय? जे सोडून गेले होते ते परत आलेत. 'रविवारी चारला भेटू' म्हणतायत. त्या खुर्चीनं काय लिहिलंय बघ. 'मी वाट बघते.' आता मी काय करू? आधी मी विसरलेच होते फक्त. आता खोटारडी ठरेन." तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "उद्या सकाळी काढून टाकते सगळं. रविवार यायच्या आत."

"चौऱ्याहत्तर प्रकरणं?"

"तुला काय कळणार, दादा? तुझ्या फडक्यावर कधी काही उरलंच नाही."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं, म्हणून माझं लक्ष तिच्या हातातल्या मोबाइलकडे गेलं. एकोणिसावं प्रकरण उघडं होतं. प्रत्येक प्रकरणावर तारीख असते, मी ती आजवर कधी वाचली नव्हती. ती तारीख मला ओळखीची वाटली. मान वर केली तर समोर प्रशस्तीपत्र. त्यात बारा मशिनींच्या कामाची तीच तारीख.

मी प्रकरणाचा शेवट काढला. शेवटची ओळ होती: 'स्वयंपाक्यानं कंदील उचलला, कोठीच्या पायऱ्या उतरला आणि'. बस. 'आणि'वर संपलं होतं. वाचकांना वाटलं होतं, काय उत्कंठा वाढवलीय!

"बारके," मी म्हटलं, "त्या दिवशी कारखान्याची गाडी दारात आली तेव्हा तू काय करत होतीस?"

"खिडकीत बसले होते. लिहीत होते. तू ओरडलास, ठेव तो मोबाइल, चल टॉर्च धरायला."

ओरडलो होतो मी. पुसलं जाऊ नये म्हणून तिनं होतं तेवढं घाईघाईनं तिथे चढवलं असणार. आणि परत आल्यावर तिच्या डोक्यात राहिल्या असतील त्या बारा मशिनी. ज्या दुपारची फुशारकी मी सहा वर्षं मारतोय, त्याच दुपारी मी तिचा माणूस पायरीवर सोडायला लावला होता.

मी माफी वगैरे मागणाऱ्यातला नाही. मी कपाट उघडलं, तिच्या गुणपत्रिकेमागून सुपारीची रिकामी डबी काढली आणि फडक्यावर उपडी केली. आतून एक स्क्रू पडला.

"हे काय?"

"त्याच दिवशीचा. घरी येऊन अवजारं पुसताना पिशवीच्या तळाशी सापडला. बारापैकी कुठल्यातरी मशीनमधला उरलेला. कुठल्या, ते मला आजही माहीत नाही. कारखान्याकडून निरोप आला की मी आधी ही डबी उघडून बघतो. सहा वर्षं झाली. कुणाला सांगू नकोस. वहिनीलाही नाही."

बारकीनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. स्क्रू चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, नखानं त्याचे आटे मोजल्यासारखं केलं.

"दादा, हा मशीनचा नाहीच."

"म्हणजे?"

"आटे बघ की किती बारीक आहेत. मशीनमध्ये कुठे बसेल हा? टॉर्चचा आहे. सेलच्या झाकणाचा. तू टॉर्च माझ्या हातात दिलास तेव्हाच झाकण लटकत होतं. सोडलं की उजेड जायचा. मी अंगठ्यानं दाबून धरलं होतं."

"पूर्ण दोन तास?"

"पाच तास, दादा. जेवणाची सुट्टी तू घेतली नाहीस म्हणून मीही नाही. दुसऱ्या दिवशी काच घासायला अंगठा वळत नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू देशील तर ना! तू प्रत्येक मशीनला दम देत होतास, 'बघ कसा सरळ करतो तुला' म्हणून."

मी खुर्चीत बसलो. सहा वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि त्याच जागी दुसरं येऊन बसलं होतं. मला एवढंच सुचलं, "टॉर्च धरणारा माणूस कुणाला दिसतच नाही, बारके. उजेड दिसतो."

बारकीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती भिंतीकडे बघत होती. माझ्या कॅलेंडरकडे. उजव्या बाजूला, मोठ्या अक्षरात, 'उजेड कुठून?'

"हे तू कधी लिहिलंस?"

"गुरुवारी. अंधारात इंजिन दुरुस्त होत नाही. कुणालाही विचार."

ती उठली आणि भिंतीपाशी गेली. डाव्या बाजूच्या 'स्वयंपाकी'वर एक बोट ठेवलं, उजव्या बाजूच्या 'उजेड'वर दुसऱ्या हाताचं. हात पुरत नव्हते, म्हणून भिंतीला चिकटून उभी राहिली. "इंजिनखोली कुठे असते, दादा?"

"तळाला. आणखी कुठे असणार?"

"आणि कोठी?"

मला सगळं माहीत असतं, पण हे उत्तर तिनं द्यायचं होतं.

त्यानंतर ती सगळं काढून टाकण्याबद्दल बोलली नाही, बोटीबद्दलही नाही. शनिवारी जेवताना फक्त एक प्रश्न आला. "बटाट्यांना कोंब किती दिवसांत येतात?" आईनं सांगितलं. आईला वाटलं, पोरगी संसाराला लागतेय.

रविवारी ती सकाळीच दुकानात आली आणि मागच्या बाजूला, दुरुस्तीला आलेल्या एका मशीनच्या पाटावर कोपर टेकून बसली. मी त्या दिवशी एकही मशीन चालवली नाही, आवाज नको म्हणून. नुसते स्क्रू पुसत बसलो. बायको डबा देऊन गेली, तो तसाच राहिला. तीन वाजता मी विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "गिऱ्हाईक व्हायला लागलास." साडेतीनला मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार वाजायला दोन मिनिटं असताना तिनं मोबाइल माझ्याकडे दिला. "तू वाच आधी. सावकाश वाचलंस तरी चालेल. चारला आपोआप जाणार आहे."

मी काडी घेतली.

स्वयंपाकी पायऱ्या उतरला आणि त्यानं बटाटे टोपलीत भरले. परत निघताना इंजिनखोलीच्या दारातून हाक आली, "अरे, जरा एक मिनिट तो कंदील इकडे धर." त्यानं धरला. वर वादळ आलं, चाचे आले आणि गेले. खाली इंजिनवाला एकेक भाग काढत होता, इंजिनाला दम देत होता, आणि स्वयंपाकी कंदील धरून उभा होता. कंदिलाची कडी तुटलेली होती, ती त्यानं अंगठ्यानं दाबून धरली होती. वर जाऊन सांगावं असं त्याला वाटलं नाही, कारण तो गेला असता तर उजेड गेला असता. इंजिन सुरू झालं तेव्हा इंजिनवाला "झालं" म्हणत वर पळाला. तो म्हणाला होता, "इथेच थांब, पुन्हा बंद पडलं तर लागशील." म्हणून स्वयंपाकी थांबला. शेवटी धूर पाहायला खाली आलेल्या डॉक्टरीणबाईंना तो दिसला. हाताला धरून त्यांनी त्याला वर आणलं. सगळे बघत राहिले. त्याच्या टोपलीतल्या बटाट्यांना वीतभर कोंब आले होते. आणि तो एवढंच म्हणाला, "माफ करा, जेवणाला जरा उशीर झाला."

मला वाचून व्हायला पाच वाजले. एका जागी मला चष्मा पुसावा लागला, आणि मी चष्मा वापरत नाही.

"कुणाची काही उत्तरं?" मी विचारलं.

बारकीनं मोबाइल घेतला. उत्तरं भराभर येत होती. कुणी रडलं होतं, कुणी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं होतं. ज्यानं यादी केली होती त्यानं लिहिलं होतं, "इंजिन अंधारात कसं सुरू झालं हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. हे कुणी पकडलं?" तिथे बारकीनं माझ्यादेखत लिहिलं, "माझ्या दादानं." ते मी छापून घेऊन काचेत लावणार आहे, जागा बघून ठेवलीय.

त्या खुर्चीचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. "बरं झालं. माझेही पाय अवघडले होते." बारकीनं ते तीनदा वाचलं आणि मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. ती कोण असेल, कुठल्या कोपऱ्यात बसत असेल, सहा वर्षं एका स्वयंपाक्याची का वाट बघत असेल, यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. काही पत्ता लागला नाही.

टॉर्च अजून दुकानात होता. मी तो स्क्रू झाकणाला लावला. घट्ट बसला.

परवा एक नवीन गिऱ्हाईक आलं. प्रशस्तीपत्र बघून म्हणालं, "बारा मशिनी? किती वेळ लागला?"

"पाच तास," मी म्हटलं. "आणि टॉर्च माझ्या बहिणीनं धरला होता. ती लेखिका आहे. तीनशे सत्तर लोक वाचतात. बसा, सांगतो." त्याला घाई होती, तरी मी बाराव्या प्रकरणापर्यंत सांगितलं.

बारकी आता पंच्याहत्तरच्या पुढे गेलीय. कॅलेंडरची पानं भिंतीवर तशीच आहेत. डावीकडचा स्वयंपाकी खोडला, कुत्राही गेल्या आठवड्यात मार्गी लागला, घंटा त्यानंच वाजवली होती. छत्रीवाली बाई मात्र अजून आहे. मी रोज विचारतो.

"बारके, ती छत्रीवाली?"

"तिनं काय सांगितलं होतं, दादा?"

"तिसऱ्या बंदरावर उतरेन."

"मग? आपण अजून दुसऱ्यावरच आहोत."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी परत पहिल्यापासून बंदरं मोजायला घेतलीत.